कागदावर मालक बँक

अमेरिका-कॅनडातले अनेकजण निवृत्तीनंतर मेक्सिकोच्या किनाऱ्यावर घर घेतात. पण तिथल्या १९१७च्या राज्यघटनेनुसार समुद्रापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. त्यावरची पळवाट, तीही कायदेशीर, म्हणजे ‘फिदेइकोमिसो’: कागदावर मालक बँक, लाभार्थी तुम्ही. मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते. घर विकता येतं, वारसांना देता येतं. बँकेची वार्षिक फी मात्र चुकत नाही. चापाला सरोवराकाठचं अहिहीक गाव या पट्ट्याबाहेर, तिथे ही भानगडच नाही.

खरी फसगत होते ती ‘एहिदो’ जमिनीत. ही गावकीची सामायिक जमीन. रीतसर खासगी झाल्याशिवाय परदेशी माणसाच्या नावावर चढत नाही. स्वस्त दिसते, एवढंच. नोतारिओकडून, म्हणजे तिथल्या सरकारमान्य नोटरी-वकिलाकडून, कागद तपासून घ्या, मगच इसार द्या.