रोमची राज्यपद्धती : अधिकार आणि अंकुश

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत एखाद्या राष्ट्राने ‘व्हेटो’ वापरल्याचे वृत्त आपण अनेकदा वाचतो. हा शब्द लॅटिन असून ‘मी मना करतो’ एवढाच त्याचा अर्थ आहे. आज तो बलाढ्य राष्ट्रांचा अधिकार मानला जात असला तरी त्याचे मूळ प्राचीन रोममधील सामान्य जनांच्या गाऱ्हाण्यात आहे.

परंपरेनुसार इ. स. पूर्व ५०९ मध्ये रोमच्या नागरिकांनी राजाला पदच्युत करून प्रजासत्ताक स्थापन केले. राजाची सत्ता दोन कॉन्सलांकडे सोपविण्यात आली. दोघांचा अधिकार समान, मुदत एक वर्षाची, आणि एकाची आज्ञा दुसऱ्यास रोखता येई. तथापि ही पदे दीर्घकाळ पॅट्रिशियन या उच्चकुलीन वर्गाच्याच हाती राहिली. कर्जाच्या ओझ्याखाली पिचलेल्या प्लेबियनांनी अखेर इ. स. पूर्व ४९४ मध्ये नगराचा त्याग केला व ते जवळच्या टेकडीवर जाऊन बसले, असे परंपरा सांगते. लढणारे हातच निघून गेल्यावर सत्ताधाऱ्यांना तडजोड करणे भाग पडले. त्यातून ‘ट्रिब्यून’ हे पद निर्माण झाले. ट्रिब्यूनच्या अंगास हात लावणे हे पातक गणले जाई. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांसाठी त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे, असा संकेत होता. त्याने मना केले की भल्याभल्या अधिकाऱ्यांची कारवाई थांबत असे.

कॉन्सल, सेनेट आणि जनसभा ही तीन अंगे एकमेकांस कशी आवरून धरतात, याचे विवेचन इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने रोमचा इतिहास बारकाईने अभ्यासला, आणि १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना रचणाऱ्यांसमोरही रोमचे उदाहरण होते. त्यांनी वरिष्ठ सभागृहास ‘सेनेट’ हे नावच दिले. मूळ सेनेट मात्र लोकनियुक्त नव्हती. वृद्ध या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलेले ते अनुभवी सरदारांचे सल्लागार मंडळ होते. राष्ट्राध्यक्षाच्या नकाराधिकारावरही अमेरिकनांनी मर्यादा घातली. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळाल्यास तो निष्प्रभ ठरतो.

रोमला लोकशाही म्हणणे मात्र धाडसाचे होईल. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ मतगट होते व त्यांपैकी ९८ एकेकाळी सर्वांत धनिक वर्गांकडे होते. हे गट एकमत झाले की गरिबांच्या मतदानाची पाळीच येत नसे. स्त्रिया व गुलाम यांना तर मतच नव्हते.

संकटकाळासाठी रोमने एक उपाय योजला होता. सर्व सत्ता एका ‘डिक्टेटर’च्या हाती द्यावयाची, पण कमाल सहा महिनेच. पुढे ही मुदतच मोडली. इ. स. पूर्व ८२ मध्ये सुल्लाने हे पद मुदतीविना घेतले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझर आजीवन डिक्टेटर झाला. ऑगस्टसने ते पद टाळले, पण इ. स. पूर्व २३ मध्ये ट्रिब्यूनचे अधिकार आजन्म स्वतःकडे घेतले. कॉन्सल व सेनेट नावापुरती उरली. गरिबांच्या रक्षणार्थ निर्माण झालेले हत्यार सम्राटाच्या हाती गेले! आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीनंतर, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी पुढे चालू ठेवण्यास दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता आवश्यक केली. हे रोमचे अनुकरण नव्हे; दोन्हीकडची चिंता मात्र एकच आहे.

रोमन कायद्याचा वारसा युरोपातील नागरी संहितांत उतरला. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमार्फत तो गोव्यातही पोहोचला, व तिच्यातील कुटुंबविषयक तरतुदी १९६१ नंतरही तेथे टिकल्या.

स्थानिक कारभाराचा दाखला पंचायत सदस्यांना विशेष रोचक वाटेल. ‘म्युनिसिपालिटी’ हा शब्द रोमन ‘म्युनिसिपियम’ या स्वशासित नगरावरूनच आला. स्पेनमधील मालागा येथे १८५१ साली अशा एका नगराच्या कायद्याचा काशाचा पत्रा सापडला. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहे. नगराचा पैसा हाताळावयाच्या पदांसाठी उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने मतदानापूर्वीच जामीन द्यावा, आणि सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याने काम संपल्यावर तीस दिवसांत हिशेब सादर करावा, अशी कलमे त्यावर कोरलेली आहेत.