संहितावृक्षाचे प्रतिजतन व पुनःस्थापन

संगणकाच्या परिचालन प्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, मूळ संहिता नष्ट वा दूषित झाल्यास ती पूर्ववत करता यावी म्हणून तिच्या स्वतंत्र प्रती राखणे यास प्रतिजतन आणि अशा प्रतीवरून ती पुन्हा उभी करणे यास पुनःस्थापन म्हणतात. मूळ संहिता म्हणजे आज्ञावलीकाराने लिहिलेला, माणसास वाचता येणारा मजकूर होय. तो हजारो फाइलींत विभागलेला असून त्या एकात एक फोल्डरांत मांडलेल्या असतात; या रचनेस संहितावृक्ष म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याच्या वृक्षात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. यंत्रभाषेतील तयार प्रणालीवरून मूळ संहिता जशीच्या तशी परत मिळत नाही. त्यामुळे संहिता गमावल्यास प्रणाली चालू राहते, पण तिच्यातील दोष दुरुस्त करणे अत्यंत कठीण होते.

पद्धती : प्रत घेताना मजकुराबरोबर फाइलींचे वापराधिकार, दुवे व कालनोंदीही टिकवाव्या लागतात. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) आलेली टार ही आज्ञावली संपूर्ण वृक्ष एकाच फाइलीत बांधते. मात्र तीत एका वेळचीच स्थिती असते. लीनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिटमध्ये प्रत्येक पूर्ण प्रतीत बदलांचा सर्व इतिहास असतो आणि मजकुरावरून काढलेल्या हॅश या सांकेतिक अंकामुळे फेरफार उघड होतो. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्स गाभ्याच्या मुख्य वितरणस्थळाच्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे आढळले, तेव्हा हे अंक आणि जगभरातील प्रती संहितेच्या शुद्धतेचा आधार ठरल्या.

मूळ बदलताच आपोआप बदलणारी प्रतिबिंब-प्रत हे प्रतिजतन नव्हे. मार्च २०१३ मध्ये केडीई प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील सुमारे १,५०० संहितासंग्रह बिघडले व तो बिघाड प्रतिबिंब-प्रतींतही उतरला. एका सर्व्हरवर निर्दोष प्रत उरल्यामुळेच ते वाचले. म्हणून काही जुन्या प्रती मूळ सर्व्हरपासून तोडून, दूर ठेवतात. उदा., वर्धा येथील संस्थेला एक प्रत नागपूर येथे ठेवता येईल. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जात असल्याने चुंबकीय फिती थंड व कोरड्या जागी ठेवणे आवश्यक असते.

पुनःस्थापन : प्रत प्रथम रिकाम्या, वेगळ्या जागी उलगडतात, चालू वृक्षावर ती थेट पसरल्यास जुन्या-नव्या फाइलींची सरमिसळ होते. नंतर सांकेतिक अंक पडताळून संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करतात व तयार प्रणाली चालवून पाहतात. यासाठी रूपांतरक आज्ञावलीची आवृत्ती व रचनेच्या नोंदीही प्रतीसोबत जपाव्या लागतात. ही चाचणी ठराविक काळाने न घेतल्यास प्रतीतील दोष नेमका आपत्तीच्या वेळी उघडकीस येतो.

माध्यमापेक्षा वाचनीयता महत्त्वाची असते. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचा गाभा १९७२ मधील छापील कागदांवरून पुन्हा उतरवून २००८ मध्ये संगणकावर चालविण्यात आला.