थायरॉइड आहे, विमा मंजूर होईल?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय गाठण्याआधी पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम वाचाच. विमा नियामक ‘इर्डा’च्या 2019च्या नमुना कलमानुसार या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांचा सल्ला, किमान 18 वर्षं वय आणि किमान 40 बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, लागतो (उंची 160 सेंटिमीटर असेल, तर सुमारे 102 किलो). इतर उपाय फसले असतील आणि हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप-2 मधुमेह असेल, तर 35 चालतो. थायरॉइड या यादीत नाही. पण म्हणून तो फॉर्मवर लपवू नका. लपवलात तर दावा त्यावरच अडू शकतो. टीएसएच आधी आटोक्यात आणा, रिपोर्ट फाइलला जोडा. शस्त्रक्रियेनंतरही थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटीच घ्यायची. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या 4 तासांनी.