विश्लेषण : ‘मॅकग्रेगर’ आडनाव लावणे गुन्हा का ठरले होते?

अभिनेता यूअन मॅकग्रेगरमुळे जगभर ओळखीचे झालेले हे स्कॉटिश आडनाव एकेकाळी उच्चारणेही धोक्याचे होते. १६०३ ते १७७४ या काळात, मधली ३२ वर्षे वगळता, ‘मॅकग्रेगर’ या आडनावावर कायद्याने बंदी होती.

आडनावाचा अर्थ काय?

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘मॅकग्रेगर’ म्हणजे ग्रेगरचा वंशज. ‘ग्रेगर’चे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ ‘जागरूक’ असा होतो. स्त्रियांच्या नावात ‘मॅक’ऐवजी ‘निक’ येते. हे घराणे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातील ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे या खोऱ्यांतले.

वाद कशावरून पेटला?

मॅकग्रेगर पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण राजाच्या सनदा मिळाल्या त्या शेजारच्या कॅम्पबेल घराण्याला. हळूहळू मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात कुळे झाले आणि पुढे बेदखलही झाले. त्यातून लुटालूट, गुरांची पळवापळवी आणि सूडसत्र सुरू झाले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन येथील लढाईत त्यांनी कोहून घराण्याची अनेक माणसे मारली. राजा सहावा जेम्स संतापला.

बंदीचे स्वरूप काय होते?

इंग्लंडची गादी मिळाल्याने जेम्स लंडनला निघणार होता. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, हे आडनाव रद्द करण्यात आले. दुसरे आडनाव न घेणाऱ्यास मृत्युदंड होता. घराण्याचा प्रमुख अॅलिस्टर याला जानेवारी १६०४ मध्ये एडिनबरात फाशी देण्यात आली. पुढे चारपेक्षा अधिक जणांनी एकत्र येण्यासही मनाई झाली. मांस कापायची बोथट टोकाची सुरी सोडून दुसरे शस्त्र बाळगता येत नव्हते. १६३३ च्या कायद्याने तर बाप्तिस्म्यात मुलाला ‘ग्रेगर’ हे नाव देण्यासही धर्मगुरूंना मज्जाव केला. या नावाने दस्तऐवज करता येत नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हे लोक जणू अस्तित्वातच नव्हते.

मग हे आडनाव टिकले कसे?

कागदावर कॅम्पबेल, मरे, ड्रमंड, ग्रॅहॅम, स्टुअर्ट अशी आडनावे आली. घरात मात्र जुनी ओळख कायम राहिली. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, पण १६९३ मध्ये ती पुन्हा लागू झाली. वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला रॉब रॉय मॅकग्रेगर त्यामुळेच आईचे ‘कॅम्पबेल’ हे आडनाव लावत असे.

बंदी कधी उठली?

१७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने हे कायदे रद्द केले. त्यानंतर ८२६ जणांनी सही करून जॉन मरे यांना घराण्याचे प्रमुख मानले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सेवेत होते. त्यांच्या घराण्याने १८२२ मध्ये राजाच्या परवान्याने ‘मॅकग्रेगर’ हे आडनाव पुन्हा धारण केले.

आज त्याचे परिणाम काय?

बंदी उठल्यावर सर्वच कुटुंबे मूळ आडनावाकडे परतली नाहीत. त्यामुळे आज मरे किंवा ड्रमंड म्हणवणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे पूर्वज मॅकग्रेगर असू शकतात. वंशावळ शोधणाऱ्यांना जुन्या नोंदींत केवळ आडनाव पाहून चालत नाही. गाव, जमीन आणि वाडवडिलांची नावेही ताडून पाहावी लागतात.