उष्णता तेवढीच, तापमान वेगळे

उष्माधारकता : एखाद्या वस्तूचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. ती वस्तूच्या आकारमानानुसार बदलते. बादलीभर पाण्याची तांब्याभर पाण्यापेक्षा जास्त.

विशिष्ट उष्मा : पदार्थाच्या फक्त १ ग्रॅमचे तापमान १ अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. इथे वस्तूचे वजन गौण, पदार्थ कोणता हे महत्त्वाचे.

१ ग्रॅमसाठी १ अंशाला (ज्यूल)
- पाणी : ४.१८
- बर्फ : २.१
- अ‍ॅल्युमिनियम : ०.९०
- लोखंड : ०.४५
- तांबे : ०.३९
- शिसे : ०.१३

सूत्र : उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील बदल

करून पाहा : २०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायचे तर २०० × ४.१८ × ५० = ४१,८०० ज्यूल लागतात. तेवढ्याच लोखंडाला ४,५०० ज्यूल पुरतात.

पाणी इतके सावकाश का तापते? त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. दिलेल्या उष्णतेचा बराच भाग हे बंध सैल करण्यात खर्च होतो. समुद्राचे पाणीही असेच सावकाश तापते आणि सावकाश निवते; म्हणूनच समुद्रकाठच्या मुंबईत दिवसरात्रीच्या तापमानातला फरक नागपूरपेक्षा सहसा कमी असतो.

ग्रॅमऐवजी मोल (अणूंची एक ठरावीक संख्या) मोजला तर? लोखंड, तांबे, शिसे यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात : मोलमागे सुमारे २५ ज्यूल. १८१९ मध्ये द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हा नियम मांडला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या आधारे धातूंची अणुवस्तुमाने तपासून घेतली.