मातीखालचे थर नकाशावर कसे येतात?

रस्ता उपग्रहाला दिसतो, म्हणून नकाशावर येतो. पण गवताखाली चिकणमाती आहे की वालुकाश्म, हे त्याच्या फोटोत सहसा कळत नाही. मग भूवैज्ञानिक नकाशात दोघांमधली रेघ येते कुठून?

लंडनच्या दक्षिणेला वील्ड नावाचा भाग आहे. तिथल्या लीथ हिलवर (२९४ मीटर) वरती लोअर ग्रीनसँडचा वालुकाश्म आहे, खाली ॲथरफील्ड क्ले आणि वील्ड क्ले या चिकणमात्या. उघडा खडक फार कमी, त्यामुळे जमिनीचा आकारच वाचावा लागतो. वालुकाश्म टणक, तो कडा धरून उभा राहतो. चिकणमाती झिजून सखल होते. उभा चढ जिथे एकदम सौम्य होतो, तिथे बहुधा सीमा. पाणीही चुगली करतं. वालुकाश्मातून झिरपलेला पाऊस चिकणमातीवर अडतो आणि तिथेच झरा फुटतो. खात्रीसाठी ऑगर, म्हणजे जमिनीत फिरवायचं लांब गिरमिट. वर आलेली माती ओली करून मळायची: वळी झाली तर चिकणमाती, करकरली तर वाळू. इतकं साधं!

आता आपल्या आवडीचा भाग. समजा, सीमा दोन ठिकाणी १२० मीटर उंचीवर सापडली. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून काटकोनात उत्तरेला ३०० मीटरवर ती १०५ मीटरवर मिळाली. म्हणजे थर २० मीटरला १ मीटर उतरतोय, साधारण ३ अंश. तीन बिंदूंतून एक प्रतल ठरतं. ते लायडारच्या उंचीच्या डेटाशी छेदलं की सीमा पुढे कुठे निघेल याचा अंदाज क्यूजीआयएसमध्ये काढता येतो. इंग्लंडचा हा डेटा मोफत मिळतो.

पण प्रतल सपाट असतं, डोंगर नसतो. ज्या पाण्याने झरा फुटतो, तेच चिकणमाती निसरडी करतं आणि वालुकाश्माचे तुकडे खाली घसरतात. या कड्यावर अशा दरडी बऱ्याच आहेत. खाली वाळू सापडली म्हणून सीमा खाली नेली, तर दरडच नकाशातून गायब! म्हणून पायी फिरणं सुटत नाही.

प्रत्यक्ष दिसलेली सीमा सलग रेघेने काढतात, अंदाजाची तुटक. वेब मॅपवर आपण झूम करत जातो आणि रेघ तितकीच बारीक राहते. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, पाया हलतो, भिंतींना तडे जातात. घर त्या २५ मीटरच्या आत असेल तर स्क्रीनवर कुठला रंग दिसतो ते सोडा, आधी भोक पाडून बघा.