पाणबुड्यांच्या टाक्यांची घडवंची

आमच्या नाशिककडील जुन्या घरांतून पाण्याचे हंडे घडवंचीवर ठेवीत, म्हणजे ते लवंडत नसत. मालवणनजीक तारकर्लीस समुद्रांत बुडी मारण्याचें शिक्षण मिळतें. तेथें पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते. नेहमींची ॲल्युमिनियमची टाकी सुमारें १४ किलो वजनाची व १८.४ सेंटिमीटर व्यासाची असून तींत वातावरणाच्या २०० पट दाबानें हवा कोंडलेली असते. ती मोटारींत लोळून तिची तोटी मोडल्यास टाकी बाणासारखी सुटून प्राणावर बेतूं शकतें.

म्हणून टाक्यांसही घडवंची करावी, असें आम्ही सुचवितों. पांच सेंटिमीटर जाडीच्या पीव्हीसी नळीचे ७५ सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे घ्यावे. मध्यापासून मध्यापर्यंत २० सेंटिमीटर अंतर राखून ते समांतर मांडावे व दोन्ही टोकांस आडव्या नळ्यांनीं जोडावे. कोपऱ्यांस चार एल्बो व मधल्या नळीस दोन टी लागतात. सांधे सोल्युशननें चिकटवावे. दोन खांचांत दोन टाक्या आडव्या निजतात. भार गाडीच्या तळावर राहतो, नळ्या केवळ लोळणें थांबवितात. वरून पट्टा आवळून सर्व गाडीस बांधावें. टाक्यांसकट चौकट उचलूं नये; सांधे तुटतील. उन्हानें नळी ठिसूळ होते, तेव्हां ती सावलींत ठेवावी.

मुलांनो, जड वस्तु हलविण्यापूर्वीं तिची बैठक करावी, हा वडीलधाऱ्यांचा धडा येथेंही खरा ठरतो.